भाईजानांची झिजलेली किल्ली

परळला माझ्या माहेरच्या इमारतीखाली दर रविवारी सकाळी गाड्यांची मजलिस भरते. फजर होऊन उजाडले की भाईजान बादली आणि जुने फडके घेऊन खाली उतरतात. पाठोपाठ शेजारच्या चाळीतून नॅनोवाले येतात, लालबागहून थारवाले येतात, दादरहून सिटीवाले येतात. या सगळ्यांना आईवडिलांनी चांगली नावे ठेवलेली आहेत, पण पंचवीस वर्षांच्या दोस्तीत ती कुणी वापरत नाही. ज्याची जी गाडी तेच त्याचे नाव. गाडी बदलली की नाव बदलते. आजचे थारवाले एकेकाळी ‘आठशेवाले’ होते. भाईजानांचे नाव मात्र बरीच वर्षे बदललेले नाही. त्यांची छोटी गाडी २०११ सालची आहे आणि ती विकण्याचा विषय कुणी काढला की त्यांना एकदम काहीतरी काम आठवते.

गाड्या धुणे हे निमित्त. खरे काम चहा पिणे आणि एकमेकांची खेचणे. कुणाच्या टायरवर, कुणाच्या हॉर्नवर, कुणाच्या आरशाला लटकवलेल्या तसबीहवर, कुणाच्या गाडीतल्या लिंबू-मिरचीवर. गेल्या महिन्यात मी माहेरी गेले होते. चहाची किटली घेऊन खाली उतरले तेव्हा पाळी भाईजानांच्या किल्लीची होती.

ही किल्ली तुम्ही पाहायला हवी होती. बटणाची, रिमोटवाली. वरचे काळे रबर झिजून झिजून गुळगुळीत झालेले. गाडी बंद करायच्या बटणाच्या जागी तर सरळ भोकच पडलेले. कडेला तडा गेला म्हणून सेलोटेप लावलेली. सेलोटेप सुटू नये म्हणून मिठाईच्या डब्याचा रबरबँड. भोकात बोट जात नाही म्हणून भाईजान खिशातले बॉलपेन काढतात आणि त्याच्या टोकाने आतले बटण दाबतात.

“भाई सही करतात, मग गाडी उघडते,” सिटीवाले म्हणाले.

“चोर आला ना, तर ही किल्ली बघून वर शंभराची नोट ठेवून जाईल,” थारवाले.

“आणि सलाम करायचं राहिलं की!” नॅनोवाल्यांनी आठवण करून दिली. गाडी जरा लांब असली की भाईजान किल्ली कानशिलाला लावून बटण दाबतात. लांबून बघणाऱ्याला वाटते, हा माणूस उभ्या गाडीला अदबीने सलाम ठोकतो आहे आणि गाडीही दिवे लुकलुकवून वालेकुम सलाम म्हणते आहे.

मग नॅनोवाल्यांनी स्वतःची किल्ली काढून दाखवली. साधे लोखंडी पाते आणि वर काळी मूठ. “ही बघा. झिजतच नाही. झिजायला बटण तर पाहिजे!”

भाईजानही हसत होते. मीही हसले. तेवढ्यात थारवाल्यांनी सहज म्हटले, “टाकून दे ना भाई ती. नवी घे. एवढे पैसे कमी पडतायत का?”

भाईजान तेव्हाही हसले. पण आम्ही भावंडे आहोत. कुठले हसू पोटातून येते आणि कुठले नुसते ओठांवर, हे मला कळते. नव्या किल्लीचे त्यांनी एके ठिकाणी विचारले होते, १४ हजार सांगितले होते. त्याच महिन्यात त्यांच्या मुलीचे, माझ्या भतीजीचे, आजारपण निघाले होते. सेलोटेपवर सेलोटेप चढली ती हौसेने नाही. थारवाल्यांना यातले काही माहीत नव्हते.

अब्बांची किल्ली मला त्या क्षणी आठवली. अब्बा काळी-पिवळी टॅक्सी चालवायचे, प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बनायची. तोवर फियाट म्हणून ओळखली जाणारी ही गाडी १९७४पासून पद्मिनी झाली, पण आमच्या घरात ती शेवटपर्यंत फियाटच राहिली. तिची किल्ली म्हणजे एक पातळ पाते. वर्षानुवर्षे फिरून तिचे दात इतके बोथट झाले होते की गाडी चालू असतानाही ती उपसून हातात घेता येई. आम्हा मुलांना तो जादूचा खेळ वाटायचा. टॅक्सी दोन पाळ्यांत चालायची. संध्याकाळी भारतमाता सिनेमाजवळ अब्बा रात्रीच्या ड्रायव्हरच्या हातात किल्ली देत आणि डिझेल किती आहे, कुठला टायर नरम आहे, मागच्या सीटवर कुणाची छत्री राहिली आहे, ते सगळे सांगत. किल्ली नुसती कधी दिली नाही. त्या किल्लीबरोबर दुसऱ्याच्या रोजीरोटीची जबाबदारी जाते, असे ते म्हणत. मुंबईतल्या त्या गाड्यांपैकी शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीचे वय २० वर्षे ठरलेले, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३पासून पद्मिनी या शहराच्या रस्त्यांवरून टॅक्सी म्हणून उतरली. अब्बा ते पाहायला नव्हते.

शाळेत मी मुलांना उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे शब्दांची मुळे खणायची सवय आहे. आपण सर्रास म्हणतो ती ‘चावी’ पोर्तुगीजांची, त्यांच्या ‘शाव्ह’ या शब्दावरून आलेली. ‘कुलूप’ अरबी ‘कुफ्ल’वरून आलेले. आणि उर्दूतली ‘कुंजी’ निघते संस्कृत ‘कुंचिका’मधून. म्हणजे अस्सल मराठी वाटते ते कुलूप अरबी, आणि उर्दूच्या धड्यातली कुंजी संस्कृत. वर्गात हे सांगितले की मुले हसतात. आपल्या घराच्या दाराला इतक्या जणांनी मिळून कडी घातली आहे, हे त्यांना गमतीचे वाटते.

किल्लीकडे परत येऊ. त्या दिवशी चहा पिताना मी भाईजानांना विचारले, “बंद करायचं बटणच एवढं का झिजलं? उघडायचं तर अजून शाबूत आहे.” गाडी जितक्या वेळा उघडायची तितक्याच वेळा बंद करायची, मग एकच बटण जास्त का झिजावे? उत्तर सगळ्यांनी एकदम दिले. गाडी बंद करून माणूस दहा पावले जातो आणि त्याला वाटते, बंद केली की नाही? परत दाबतो. लालबागच्या गल्लीत गाड्या एकमेकींना खेटून उभ्या असतात. आपली कुठली ते शोधायलाही तेच बटण दाबतो, म्हणजे दिवे लुकलुकतात. घराच्या गॅलरीतून झोपण्यापूर्वी आणखी एकदा. किल्लीवरचे भोक म्हणजे भाईजानांच्या चौदा वर्षांच्या काळजीचा हिशेब होता.

या किल्लीच्या पोटात काय असते ते सिटीवाल्यांनी मला समजावले. त्यांचा हातखंडा विषय आहे. ते जसे कळले तसे सांगते, कारण आता बहुतेक घरांत अशी एखादी किल्ली असते.

आत नखाएवढी बटणे बसवलेली एक छोटी पट्टी असते आणि तिला चालवणारा नाण्यासारखा चपटा सेल. बटण दाबले की पट्टीतून रेडिओ लहर निघते. आपल्याकडच्या अनेक गाड्यांत ती ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपासची असते. त्या लहरीतून एक सांकेतिक आकडा गाडीकडे जातो. हा आकडा दर वेळी बदलतो. कालचा आकडा कुणी चोरून पकडून ठेवला तरी आज गाडी त्याला ओळख देत नाही. किल्ली आणि गाडी दोघीही मनातल्या मनात पुढचा आकडा मोजत असतात. म्हणून लहान मुलाच्या हातात किल्ली खेळायला दिली आणि त्याने घरात बसून ती शेकडो वेळा दाबली, तर किल्ली फार पुढे निघून जाते, गाडी मागे राहते आणि दोघींचा ताळमेळ चुकू शकतो. मग तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो.

कानशिलाला लावण्याची गंमतही खोटी नाही. आपल्या शरीरात, डोक्यातही, पाणी भरपूर असते. किल्ली डोक्याजवळ धरली की डोके अँटेनासारखे काम करते आणि लहर जरा लांब पोचते. म्हणजे सलाम केल्याने गाडी उघडते, हे नॅनोवाल्यांचे म्हणणे शास्त्राला धरून आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. बऱ्याच किल्ल्यांत या सगळ्यापेक्षा वेगळा एक बारीक काळा तुकडा असतो, तूरडाळीच्या दाण्यापेक्षा जरा मोठा. त्याला सेल लागत नाही. किल्ली गाडीत घातली की कुलपाभोवतीचे तारांचे वेटोळे त्याला ऊर्जा देते आणि तो आपली ओळख सांगतो. ओळख पटली तरच इंजिन चालू राहते. गाड्यांच्या चोऱ्या रोखण्यासाठी ही सोय आली आणि १९९०च्या दशकाच्या अखेरीस युरोपात ती नव्या गाड्यांना सक्तीची झाली. नवी किल्ली महाग पडते ती यामुळे. पाते कापणे हे थोडे काम. त्या किल्लीची गाडीच्या संगणकाशी ओळख करून द्यावी लागते.

यातून घरच्यांनी लक्षात ठेवायच्या गोष्टी अशा. बटणाचे रबर झिजले म्हणजे किल्ली मेली असे नाही. रबर आणि वरचे कवच वेगळे मिळते, आतले बारीक बटण झारण लावून बदलता येते. लॅमिंग्टन रोडला अशी कामे करणारे कारागीर आहेत. फक्त जुने कवच फेकण्याआधी तो काळा तुकडा त्यातच चिकटून राहिला नाही ना, हे पाहावे. तो कचऱ्यात गेला तर नव्या कवचातली किल्ली दार उघडेल पण गाडी चालू होणार नाही. सेल संपला म्हणून घाबरू नये. किल्लीतले लोखंडी पाते दार उघडते. बटण दाबून सुरू होणारी गाडी असेल तर बहुधा किल्ली त्या बटणाला टेकवून धरली की काम होते, आपल्या गाडीच्या पुस्तिकेत ते दिलेले असते. आणि किल्ली कितीही भंगार झाली तरी टाकू नये. गाडी चोरीला गेली तर विम्याचे लोक साधारणपणे दोन्ही मूळ किल्ल्या मागतात. दुसरी किल्ली कुठे आहे, हे आज घरात विचारून पाहा. आमच्याकडे ती भाभींच्या कपाटात आहे असे सगळ्यांना वाटत होते.

हे सगळे सकाळी ऐकले ते गंमत म्हणून. त्याच दिवशी रात्री ते कामाला आले.

थारवाल्यांचे वाक्य भाईजानांच्या मनात रुतून बसले होते. मगरिबनंतर ते दोन सेलची एक पट्टी विकत घेऊन आले आणि दस्तरखानच्या कडेला किल्ली उघडून बसले. निदान सेल तरी नवा घालतो, सेलोटेप नीट लावतो, पुढच्या रविवारी बोलायला जागा नको, असा विचार असावा. जुना सेल बाहेर काढला. पट्टीतून एक नवा फोडला. दुसराही फोडला गेला. तेवढ्यात इशाची अजान झाली. ते नमाजला उठले. भाभींनी जेवण वाढायला घेतले. माझी भतीजी बाळाला घेऊन आलेली होती. चौदा महिन्यांचा मुलगा. नुकता चालायला लागलेला आणि दिसेल ते तोंडात घालणारा.

जेवण झाले, दस्तरखान उचलला गेला. भाईजान किल्ली जोडायला बसले आणि म्हणाले, “तीन सेल होते. दोनच आहेत.”

आधी कुणी लक्ष दिले नाही. मग बाळाला ठसका लागला. त्याच्या हनुवटीवरून लाळ गळत होती. दात येणाऱ्या बाळाची लाळ गळतेच, पण त्या क्षणी घरातले सगळे आवाज थांबले. भतीजीने त्याच्या तोंडात बोट घातले. काही नव्हते. सतरंजी उचलली, गाद्या उचलल्या. काही नव्हते. एका शेजारणीने सांगितले, त्याला उलटे धरून उलटी काढा. माझ्या शाळेत मुलांच्या सुरक्षिततेबद्दल एकदा माहिती दिली होती, त्यातले एवढेच मला आठवत होते की या सेलच्या बाबतीत उलटी काढायची नसते आणि वाट पाहायची नसते. मी म्हटले, “इस्पितळात चला. आत्ता.”

भाईजानांनी किल्ली हातात घेतली आणि मग लक्षात आले की किल्ली म्हणून काही राहिलेलेच नाही. कवच एकीकडे, पट्टी दुसरीकडे. तो काळा तुकडा घाईत कुठे उडाला ते सापडेना. पात्याने दार उघडले असते, इंजिन चालू झाले नसते. भाभी दुसरी किल्ली शोधायला कपाटाकडे धावल्या. ती तिथे नव्हती. भाईजानांचे हात थरथरत होते. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या बंद पडलेल्या गाड्या चालू करून दिल्या, त्यांना आपली किल्ली जोडता येईना.

भतीजीने नॅनोवाल्यांना फोन लावला. ते बनियनवर धावत आले. त्यांच्या त्या बटण नसलेल्या किल्लीने गाडी पहिल्याच फेऱ्यात चालू झाली. मी पुढे, मागे भतीजी बाळाला उराशी धरून आणि तिच्या बाजूला भाईजान. रस्ताभर कुणी बोलले नाही. भाईजान नुसते ओठांतल्या ओठांत काही पढत होते. परळमध्ये राहण्याचे एक भाग्य असे की मोठी इस्पितळे हाकेच्या अंतरावर आहेत. खास मुलांचे वाडिया रुग्णालय १९२९पासून याच भागात आहे. थारवाल्यांना नॅनोवाल्यांनी वाटेत कळवले होते. आम्ही पोचलो तेव्हा ते इस्पितळाच्या दारात उभे होते. लालबागहून ते आमच्याआधी कसे पोचले, हे मी विचारले नाही.

एक्स-रे काढला. गळा, छाती, पोट. तरुण डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोट फिरवून दाखवले, कुठेही काही नाही. सेल असता तर नाण्यासारखा गोल दिसला असता, असे त्या म्हणाल्या. नाण्याला एक कडा दिसते, सेलला बहुतेक वेळा दोन कडा दिसतात, एकात एक. आमच्या पडद्यावर एकही गोल नव्हता. भतीजी तिथेच बाकावर बसली आणि रडू लागली. बाळ डॉक्टरीणबाईंचा स्टेथोस्कोप ओढत होता.

“तुम्ही थांबला नाहीत हे फार चांगलं केलंत,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी जे सांगितले ते मी प्रत्येक आईसाठी इथे लिहून ठेवते.

किल्लीत असतो तो सेल बहुधा सीआर२०३२ नावाचा असतो. तीन व्होल्टचा. ‘२०’ म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ‘३२’ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाड. लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकायला नेमका तेवढाच. त्यातले रसायन गळण्याची गरजही नसते. ओल्या जागी अडकला की त्यातून वीज वाहू लागते, सेलच्या भोवती तीव्र क्षार तयार होतो आणि तो आतून भाजत जातो. दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. सेल जुना, किल्ली चालवू न शकणारा असला तरी इजा करण्याइतका जोर त्यात उरलेला असतो. मूल बोलत नाही, सांगत नाही. लाळ गळणे, ठसका, खायला नकार, एवढीच लक्षणे असू शकतात आणि कधी तीही नसतात. त्यामुळे नुसता संशय आला तरी थेट मोठ्या इस्पितळात जायचे आणि एक्स-रे काढायचा. उलटी काढायची नाही. खायला-प्यायला काही द्यायचे नाही. याला अपवाद फक्त मधाचा. अमेरिकेतल्या विषबाधा केंद्राच्या मार्गदर्शनानुसार मूल एक वर्षाहून मोठे असेल, गिळणे जमत असेल आणि सेल गिळून १२ तास झाले नसतील, तर इस्पितळाच्या वाटेवर दर १० मिनिटांनी दोन चमचे, म्हणजे १० मिलिलिटर मध, असा सहा वेळांपर्यंत देता येतो. मध भाजण्याचा वेग कमी करतो. तो उपचार नव्हे आणि मध शोधण्यात वेळ घालवायचा नाही. एक वर्षाखालच्या बाळाला मध मुळीच द्यायचा नाही.

हा सेल फक्त गाडीच्या किल्लीत नसतो. वजनकाटा, लहानसा रिमोट, दिव्याची खेळणी, गाणारे शुभेच्छापत्र, ईदच्या मेळ्यातली चमकणारी टोपी, सगळीकडे असे चपटे सेल असतात. जुना सेल काढला की दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावावी, उंच जागी बंद डबीत ठेवावा आणि इलेक्ट्रॉनिक कचऱ्यात द्यावा. आणि सेल बदलायचे काम मूल झोपल्यावर करावे.

रात्री एक वाजता आम्ही घरी आलो. भाभींनी दस्तरखान पुन्हा एकदा झटकला. घडीच्या आतून सेल टणकन फरशीवर पडला. काळा तुकडा सकाळी कपाटाखाली सापडला. दुसरी किल्ली तीन दिवसांनी सापडली, अब्बांच्या जुन्या टॅक्सीच्या बिल्ल्याबरोबर, एका पुरचुंडीत. भाईजानांनी ती स्वतःच तिथे ठेवली होती.

त्या रात्री झोप लागेना तेव्हा मी विनोदाचा विचार करत होते. थारवाल्यांनी ते वाक्य म्हटले नसते तर भाईजानांनी घाईत किल्ली उघडली नसती, असे मनात आले आणि लगेच त्याची लाजही वाटली. मध्यरात्री दारात उभा असलेला माणूसही तोच होता.

आपल्या दीनमध्ये हसण्याला मनाई नाही. एका माणसाने अल्लाहच्या रसूलांकडे (स.) बसायला वाहन मागितले, ही हदीस अबू दाऊद आणि तिरमिजीमध्ये आहे. त्याला उत्तर मिळाले की तुला उंटिणीचे पिल्लू देतो. तो गोंधळला, पिल्लावर मी कसा बसणार? तेव्हा त्याला समजावले गेले की प्रत्येक उंट हा कुठल्या ना कुठल्या उंटिणीचे पिल्लूच असतो. बघा, ही वाहनावरचीच थट्टा आहे. पण त्यात खोटे काही नाही, आणि मागणारा रिकाम्या हाताने, खाली मान घालून परत जात नाही. दुसरीकडे सूरह हुजुरातच्या ११व्या आयतीत एकमेकांची टिंगल करण्यापासून आणि टोचणारी नावे ठेवण्यापासून बजावलेले आहे. आपण ज्याच्यावर हसतो तो आपल्यापेक्षा चांगला असू शकतो, हे त्याचे कारण तिथेच दिले आहे. या दोन्हींच्या मध्ये आपल्या रोजच्या मजलिशी बसतात. पेनाने सही करून गाडी उघडण्यावर हसलो तेव्हा आम्ही किल्लीवर हसत होतो. पैसे कमी पडतायत का, असे विचारले तेव्हा गोष्ट किल्लीवरून माणसाच्या खिशावर गेली. एवढाच फरक. बोलणाऱ्याच्या मनात काही नव्हते, तरी ऐकणाऱ्याला लागायचे ते लागलेच.

किल्ली जुनी की नवी, यावर तिची किंमत ठरत नाही. मक्का जिंकली गेली त्या दिवशी, हिजरी ८मध्ये, काबागृहाची किल्ली उस्मान बिन तल्हा (रजि.) यांच्याकडून घेण्यात आली. दार उघडले गेले. मग ती किल्ली इतर कुणी मागत असतानाही रसूलुल्लाहांनी (स.) पुन्हा त्यांच्याच हातात दिली. अमानत ज्याची त्याला परत करण्याबद्दलची सूरह निसामधली ५८वी आयत मुफस्सिर याच प्रसंगाशी जोडतात. आजही ती किल्ली त्याच घराण्याकडे, बनी शैबाकडे आहे. कुलूप बदलले, किल्ल्या बदलल्या, हात मात्र तेच राहिले. भारतमाताजवळ संध्याकाळी अब्बा जी बोथट किल्ली दुसऱ्याच्या हातात देत, ती देताना त्यांचा चेहरा का बदलायचा, ते आता मला समजते.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम परळला गेले. मजलिस भरली होती. थारवाल्यांनी खिशातून एक छोटे पाकीट काढले. लॅमिंग्टन रोडहून आणलेले नवे कवच आणि रबर. माफी वगैरे काही मागितली नाही. या लोकांना ते जमत नाही. सिटीवाल्यांनी गाडीच्या बॉनेटवर रुमाल पसरला, जुन्या कवचातून काळा तुकडा काढून आधी सगळ्यांना दाखवला, मग नव्यात बसवला. आतले बारीक बटण त्यांनी घरून झारणाची बंदूक आणून बदलले. जुना सेल भाईजानांनी स्वतः दोन्ही बाजूंनी पट्टी लावून वरच्या खिशात ठेवला आणि खिशाचे बटण लावले.

किल्ली नवी कोरी दिसू लागली. भाईजानांनी बटण दाबले. दिवे लुकलुकले. कुणी काही बोलेना. मग नॅनोवाले म्हणाले, “आता काय मजा राहिली? सलाम तरी करा.”

भाईजानांनी किल्ली कानशिलाला लावली आणि गाडीऐवजी थारवाल्यांकडे पाहून बटण दाबले.